लायलचा बंद खोका

आमचा गॉर्डी, म्हणजे माझा नवरा, मनाचा चांगला, पण कुणाला नाही म्हणायची वेळ आली की याची दातखीळ बसते. इथे अमेरिकेत, शेबॉयगन गावच्या पाणीखात्यात उभा जन्म गेला. छंद एकच: टेबलाभोवती बसून फासे टाकायचे, एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. शुक्रवारी तळलेले मासे खाऊन झाले की आमच्या स्वयंपाकघरात हा दरबार भरायचा. मीही खेळते. तिथवर ठीक होतं.

मग इंटरनेटवर वर्गणीची टूम निघाली. कुणीही उठतो, नवा खेळ सुचलाय म्हणतो, लोकांकडून आधी वर्गणी घेतो आणि केव्हातरी खेळाच्या जाडजूड पुस्तकाचा खोका धाडतो. गॉर्डी सगळ्यांना हो म्हणत सुटला. भुतांचे खेळ, बेडकांचे खेळ, एक तर चक्क बेकरीवाल्यांचा! तळघरात कपडे धुवायच्या मशीनपर्यंत जायला वाट राहिली नाही. बहुतेकांवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा तसाच.

खोका आला की हा करवादायचा, "आला पुन्हा एक! वाचायचं कुणी, माझ्या बापाने?"

"आणि वर्गणी कुणी भरली, माझ्या बापाने?" मी म्हणायची.

त्या गर्दीत लायलचा खेळ आला. लायल म्हणजे याचा शाळेपासूनचा जिवलग. त्याचे वडील सरोवरावरचं दीपगृह सांभाळायचे. त्यावर त्याने वर्षानुवर्षं खपून खेळ रचला होता. छापखान्याने आधी नमुन्याची एक प्रत पाठवली. लायलच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून त्याने ती बंदच्या बंद गॉर्डीच्या हातात ठेवली. या लोकांत कागद फाडायचा मान मोठा. तो ज्याला दिला, त्याच्या खोक्याला दुसरा कुणी नख लावत नाही.

"पहिला हात तुझा, गॉर्डी. नीट वाच आणि सांग, छापू का?"

गॉर्डीने तो खोका नेऊन ढिगावर ठेवला. आज वाचतो, उद्या वाचतो. लायलचा फोन आला तेव्हा माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "झकास झालंय रे. छाप बिनधास्त." मी भांडी विसळत होते. मला मेलीला तरी तोंड उघडायला काय झालं होतं?

खोके गावोगावी गेले आणि उलट टपाली शिव्या आल्या. शेवटचं प्रकरणच गायब, त्याच्या जागी तिसरं पुन्हा छापलेलं. खेळ संपवायचा कसा, कुणालाच कळेना. चोर काय, लफंगा काय, लायलला नाही नाही ते लिहिलं लोकांनी.

शनिवारी सकाळी तो आमच्याकडे आला. दाढी वाढलेली. कॉफीला हात लावला नाही.

"बेव्ह, छापखान्यानेच नंतर घोळ घातला असणार," मला म्हणाला. "नाहीतर गॉर्डीच्या नजरेतून सुटतंय होय? आण रे तुझी प्रत. तिच्यात बरोबर असेल, तर माझं नाव तरी वाचेल."

गॉर्डी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. उठून तळघरात गेला. खालचं दार नीट लागत नाही. प्लॅस्टिक फाटल्याचा चर्रर्र आवाज वर आला. असले खोके उघडण्यात ज्याची हयात गेली, त्याला तो आवाज झोपेतही कळतो. लायलने माझ्याकडे पाहिलं. मी बशीतला चमचा उगाच सरळ केला.

गॉर्डी पुस्तक घेऊन वर आला. पानांचे कोपरे मुद्दाम दुमडलेले. शी! शरमेने मेले मी. लायलने शेवटचं प्रकरण उघडलं. तिथे तिसरंच होतं.

"नजरचूक झाली रे माझी," गॉर्डी पुटपुटला.

लायलने त्याच्या बाहीला चिकटलेला प्लॅस्टिकचा तुकडा सोडवला आणि टेबलावर ठेवला.

"मी सगळ्यांना कळवलं होतं, माझ्या मित्राने शब्दन् शब्द तपासलाय म्हणून. आता काय कळवू?"

गॉर्डीने तो तुकडा मुठीत घेतला. म्हणाला, "माझं नाव छाप. चूक याची म्हणून."

"नाव छापलंय की पहिल्याच पानावर," लायल कोट चढवत म्हणाला. "हा खेळ तुलाच अर्पण केलाय. तेवढं तरी वाचायचंस."