भरतीची छापील वेळ

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास माझ्या मित्राची सात आसनांची गाडी मालवणच्या उत्तरेला, तोंडवळीच्या किनाऱ्यावर, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, मुखाशी वाळूत रुतली. एक वाजता पाणी तिच्या काचांना लागले होते. जखमी कोणी झाले नाही.

आम्ही तिघे होतो, कॉलेजपासूनचे मित्र. मी मुंबईत एका दैनिकात उपसंपादक आहे. दुसरा बँकेत आहे. तिसरा त्या गाडीचा मालक आणि चालक. तो धामापूरचा. मुंबईत मालवाहतुकीच्या एका कचेरीत चौदा वर्षे काढून तो पाच वर्षांपूर्वी गावी परतला, कारण आईची नजर गेली होती आणि ती गाव सोडायला तयार नव्हती. त्याने गाडी घेतली, पिवळी पाटी लावली आणि तारकर्लीच्या लॉजवर उतरणारे पाहुणे फिरवू लागला. गाडी चालली तरच त्याला गावात राहता येणार होते. हे आम्हा दोघांना माहीत होते.

विजयदुर्गपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याने जायचे आणि लॉजवर न उतरता तंबूत राहायचे, हा बेत कित्येक वर्षांचा. आम्ही कसालला बसमधून उतरलो तेव्हा तो हमरस्त्यावर उभा होता. पहिले दोन दिवस नीट गेले. घाटीवरून खाडी दिसली की तो पाहुण्यांसाठी राखलेल्या शुद्ध मराठीत सुरू करी, "उजव्या हाताला पाहा साहेब, फोटोसाठी पाच मिनिटे." बँकवाला मागून म्हणे, "साहेब म्हणू नकोस, टिप मिळणार नाही." माझे गाव कुडाळ तालुक्यातले. त्यामुळे तो आणि मी आपसांत मालवणीत बोलतो.

तिसऱ्या दिवशी व्हाळापलीकडच्या सुरूच्या बनात मुक्काम करायचा होता. तिथवर रस्ता नाही. ओहोटीला व्हाळात घोट्याएवढेच पाणी असते आणि वाळू घट्ट असते. सामान बरेच होते: दोन तंबू, स्टोव्ह, पाण्याचा मोठा कॅन, बँकवाल्याच्या घडीच्या खुर्च्या. किनाऱ्यावर गाडी नेण्यास मनाई असल्याचा फलक वाटेत होता. तो तिघांनीही वाचला. पाहुण्यांना मित्र कधी गाडीसकट वाळूवर नेत नसे. आम्हाला त्याने नेले.

साडेसात वाजता आम्ही व्हाळ ओलांडला. सामान उतरवले की गाडी लगेच परत रस्त्याला लावायची, असे ठरले होते. बँकवाल्याने ताडपत्रीची एक बाजू गाडीच्या कॅरिअरला बांधली आणि सावलीत स्टोव्ह पेटवला. चहा झाला. बांगडे साफ करायला घेतले.

दहा वाजता मित्र उठला. म्हणाला, "गाडी काढतंय. पाणी चढता."

मी फोन पाहिला. पावसाळ्यात आमच्या पानावर भरतीच्या वेळांची चौकट असते. दोन वर्षे ती मी लावली आहे. वर्षाचा तक्ता फोनमध्ये होता. त्या दिवसापुढे दोन वाजून वीस मिनिटे लिहिले होते.

"बस रे," मी म्हणालो. "अडीचाक भरती. साडेअकरापर्यंत कायएक होणा नाय."

"आज तृतीया," तो म्हणाला. "माझ्या हिशोबान एकाक पाणी भरतला."

"छापील वेळ आसा."

"तुझो पेपर मुंबईचो. समुद्र हयचो."

बँकवाला हसला. "वाद नको घालू. समुद्राला वेळ हाच देतो. महिन्याच्या पगारावर."

मित्रही हसला. "बरा," म्हणाला आणि बसला. पाहुण्यांशी वाद न घालण्याची त्याची पाच वर्षांची सवय होती. त्या दिवशी तो त्या सवयीने बसला की माझ्यावर विसंबून, हे मी त्याला विचारलेले नाही.

भरती या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. मालवणला ती मुंबईच्या सुमारे तासभर आधी येते. तक्त्याच्या मथळ्यात 'मुंबई' असा शब्द होता. दोन वर्षे तो मथळा माझ्या हाताखालून गेला होता.

सव्वाअकराला आम्ही ताडपत्री सोडली आणि तिघेही गाडीत बसलो. व्हाळात पाणी गुडघ्याच्या वर आले होते. मित्राने उतरून, चालून पाहिले आणि परत येऊन गाडीत बसला. मागे राहिलो तर गाडी उभी होती त्या वाळूवरही पाणी येणार होते. निम्म्या वाटेवर पुढची चाके बसली. त्याने दोनदा गाडी मागे घेण्याचा प्रयत्न केला. मागची चाकेही बसली.

पलीकडे रापणीचे मोठे जाळे ओढणारे दहा-बारा जण होते. ते जाळे सोडून दोर घेऊन आले. चाकांखाली झावळ्या आणि पोती घातली. वीस मिनिटे ओढले. लाटा दारावर येऊ लागल्यावर त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "सोडा आता. सामान भायर काढा."

मग तो मित्राकडे वळला. "खंयचो रे तू?"

"धामापूरचो."

"म्हणान! तळ्याकाठचो तू, तुका समुद्राचा काय कळतला? पाहुण्यांक घेवन भरतीच्या पाण्यात गाडी घातलंस?"

मित्र दोर सोडायला वाकला. मी त्याच्या शेजारी, दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. वेळ मी सांगितली होती, हे मी म्हाताऱ्याला सांगितले नाही. दोघे-तिघे फोनवर चित्रण करत होते.

पाच वाजता, पाणी उतरल्यावर, जेसीबीने गाडी बाहेर काढली. दारे उघडली तेव्हा वाळूसकट पाणी वाहून आले. मित्राने आतून कागदांची पिशवी आणि आईच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढली. ती वाटेत घेतलेली होती. बाटली फुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालवणच्या एसटी स्टँडवर असताना डेस्कवरच्या सहकाऱ्याने एक बातमी फोनवर पाठवली. स्थानिक वार्ताहराची, चार वाक्यांची. तिसरे वाक्य असे होते: 'धामापूर येथील स्थानिक चालकाला भरतीचा अंदाज न आल्याने पर्यटकांचा जीव धोक्यात आला.' खाली सहकाऱ्याने विचारले होते, "तू तिकडेच आहेस ना? हे बरोबर आहे का?"

बातमीत गाडी चार वाजता काढली असे होते. मी ते पाच करायला सांगितले. पुढे लिहिले, "बाकी बरोबर."

मंगळवारी बातमी आतल्या पानावर छापून आली. चित्रण त्याआधीच सगळीकडे पोहोचले होते. किनाऱ्यावर मनाई असताना गाडी नेल्यामुळे विमा मिळाला नाही. मित्राने ओळखीच्या एकाची जुनी गाडी चालवायला घेतली. तारकर्लीच्या ज्या तीन लॉजमधून त्याला पाहुणे मिळत, त्यांतल्या दोघांनी फोन करणे थांबवले. तिसऱ्याने बोलावून सांगितले, "पाहुणे इचारतत, तोच काय ह्यो? मी काय सांगू?"

मार्चमध्ये मी त्याला फोन केला आणि डेस्कला काय उत्तर दिले होते ते सांगितले. फोन कट झाला असे वाटून मी त्याला हाक मारली.

"आसंय," तो म्हणाला. "आवशीन कात्रण शेजारच्या शाळकरी चेडवाकडना वाचून घेतल्यान. दोनदा. मगे माका इचारल्यान, तुका खराच कळाक नाय? मी म्हटलंय, नाय कळाक."

"माझा नाव सांगूचा होतास."

"तू सांगूचा होतास," तो म्हणाला.

मी संपादकांकडे गेलो. खुलासा छापायचा तर तक्रार लागते, असे ते म्हणाले. ज्याच्याविषयी छापले, त्याची लेखी. मी मित्राला तसे कळवले. त्याने तक्रार पाठवली नाही. मी स्वतःचे निवेदन लिहून दिले. ते दीड पानांचे होते. संपादकांनी ते वाचले, ठेवून घेतले. छापले नाही. मी पुन्हा विचारले नाही.

बँकवाल्याशी या विषयावर माझे एकदाच बोलणे झाले. तो म्हणाला, "मी फक्त विनोद केला होता." नंतर आम्ही भेटलो तेव्हा दुसरे विषय निघाले.

मे महिन्याचा हंगाम मित्राकडे आला नाही. जूनमध्ये त्याने ओळखीच्याची गाडी परत केली. गणपतीनंतर तो मुंबईला आला. हे मला बँकवाल्याकडून कळले. मित्र आता एका कंपनीची गाडी चालवतो आणि भांडुपला तिघांबरोबर एका खोलीत राहतो. माझा फोन तो उचलत नाही. आई कसालला तिच्या भावाकडे आहे. धामापूरचे घर बंद आहे.