बायनाबाईने घासलेला क्लच

आलापल्लीच्या लाकूड डेपोत सोमाजी दुर्गे मिस्त्रीचं नाक फार नावाजलेलं. दिसायला ते यथातथाच होतं. पण ट्रॅक्टर नाल्याचा चढ चढून आला की सोमाजी खाली वाकून एकदा हुंगे आणि क्लचची तब्येत सांगे. मग आतली भुकटी बोटांत चोळून बघे. काळसर, मऊ लागली तर क्लच सुखात. चमकणारी, टोचणारी लागली तर तांबं खरवडून निघतंय. या धन्वंतरीला घरातल्या माणसाचा ताप मात्र तिसऱ्या दिवशी कळतो, असं त्याची बायको बायनाबाई सगळ्या मोहल्ल्याला सांगे.

डेपोतल्या एका जुन्या ट्रॅक्टरवर त्याचा फार जीव. सागाचे ओंडके ओढताना साधे क्लच जळून जात, म्हणून त्यात तांब्याची भुकटी दाबून, भाजून केलेल्या टिकल्यांची चकती बसवली होती. ती सहा वर्षं टिकली. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मात्र नवे साहेब आले आणि जुनी यंत्रं भंगारात काढायला निघाले. मंगळवारी ते डेपोत येणार होते. ट्रॅक्टरने नाल्यातला ओंडका वर ओढला तर तो राहणार, नाहीतर त्याचा लिलाव.

सोमाजीने शनिवारी क्लच उघडून टिकल्या मोजल्या. निम्मी जाडी शिल्लक होती. जीव भांड्यात पडला. पण स्टोअरच्या दाराला धड कडी नव्हती आणि तांब्यावर तर गावाचा डोळा. म्हणून चकती आणि तिच्यावर दाबणारी लोखंडी थाळी त्याने पोत्यात घालून घरी आणली.

रविवारी सकाळी आंघोळ करून तो अंगणात येतो तर चकती आंदणात आलेल्या तांब्याच्या घागरीसारखी लखलखत होती.

“हे काय केलं वं?”

“चिंच लावली जी. केवढी काळी पडली होती! साहेब येऊन राह्यला न् त्याले असं तांबं दाखवान? त्या थाळीले राख लावली. हात भरून आले माये!”

सोमाजीने चकती उचलून उन्हात धरली.

“अवं सत्यशीलाची माय, तो काळेपना म्हंजे सहा वर्साचा संसार होता! घासून घासून दोघायच्या अंगावर एक पातळ साय धरते, मंग ते भांडत नाई. तू दोघायलेबी पुन्हा लग्नाच्या दिवसावर आनून ठेवलं.”

“मंग सांगाले काय झालं होतं? घरात काळं तांबं आनान, न् मी तसंच ठेवीन?”

बायनाबाईचं तोंड इतकंसं झालं होतं. रागावण्याची संधी सोमाजीच्या आयुष्यात अशीच नेहमी वाया जाई.

दुसरी चकती नागपूरहून यायला महिना लागला असता. त्याने चिंचेचा आंबटपणा पाण्याने धुतला, चकती उन्हात कडकडीत वाळवली आणि दिवसभर खपून क्लच जोडला. सोमवारी पेडल सोडलं, तसा ट्रॅक्टर गोमाशी चावलेल्या गोऱ्ह्यासारखा उडाला आणि बंद पडला.

आता साय पुन्हा धरवायची होती. हलकं वजन, थोडं घासणं, थंड होऊ देणं, मग जरा जास्त वजन. आधी रिकामी ट्रॉली फिरवली. मग बायनाबाई चढून बसली, “मीच घासला, मीच बसतो” म्हणत. मग शेजारची केसरबाई आली. दुपारपर्यंत अर्धा मोहल्ला ट्रॉलीत होता आणि गाणी सुरू झाली होती.

साहेब लोक ठरल्या दिवशी कधी येत नाहीत. हे एक दिवस आधी आले.

“हे काय चाललंय?”

“वजन वाढवून राह्यलो साहेब,” सोमाजी म्हणाला.

“वजन कोनाले म्हनता जी?” केसरबाई कडाडली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “ओंडका लावा. आत्ता.”

सोमाजीने भुकटी चोळली. काळसर होती, पण मधूनच एखादा कण चमकत होता. अजून तासभर तरी हवा होता. तेवढ्यात बायनाबाई ट्रॉलीतून उतरून साहेबांपुढे उभी राहिली.

“चूक माझी हाय साहेब. क्लच मी चिंचेनं घासला. एक घंटा द्या. तोवर चहा मांडतो.”

चिंचेने घासलेला क्लच साहेबांच्या कोणत्याही नियमात बसत नव्हता. ते खो खो हसत ओंडक्यावर बसले. दोन कप चहा होईस्तोवर ट्रॉलीच्या आठ फेऱ्या झाल्या.

मग नाला. साखळी ताणली. झोपलेल्या लेकराखालून हात काढावा तसा सोमाजीने पेडलवरचा पाय काढला. ट्रॅक्टर एकदा थरथरला, दोनदा थरथरला. आणि चकतीने थाळीला धरलं. ओंडका वाळू कापत सरळ काठावर आला.

“बस, बस! थांबवा!” साहेब ओरडले.

“थांबवू नका जी!” बायनाबाई त्यांच्याहून मोठ्याने ओरडली. “डेपोपावतर न्या!”

सोमाजीला दोन्ही हुकूम ऐकू आले होते. नोकरीत प्रथमच त्याने साहेबांचा मोडला. बायका टाळ्या पिटत निघाल्या, आणि मागून धूळ खात साहेब, लिलावाच्या यादीतलं एक नाव चालता चालता खोडत.