विंझरच्या अलीकडे अडलेली मोटार

परमेश्वर आपल्या भक्ताला कधी रस्त्यात सोडत नाही, असे माझे मामा नेहमी म्हणत. आम्हाला त्याने वेल्हे आणि विंझर यांच्या दरम्यान तीन वेळा सोडले, आणि त्या वेळी मामा मागच्या सीटवर पोट धरून आडवे होते.

मी देव मानतो. त्याच्यापुढे वाजणारा ढोल मात्र मला सोसत नाही. मामांचे तसे नव्हते. साधा पाटा पाथरवटाकडून टाकवून आणला तरी ते त्याची पूजा करीत. एकोणीसशे साठनंतरच्या एका वर्षी मी माझी जुनी मोटार घेऊन दसऱ्यासाठी वेल्ह्याला त्यांच्याकडे गेलो. खंडेनवमीला मोटारीची पूजा झाली, ती मोटारीच्या मानाने फारच मोठी होती. झेंडूच्या माळा झाल्या, चाकांखाली लिंबे झाली, नारळ झाला. शेवटी तेलात कालवलेला शेंदूर घेऊन मामा गाडीच्या मागे गेले. "पेट्रोल जातं ते गाडीचं मुख. खरा मान मुखाचा," असे म्हणून त्यांनी टाकीच्या टोपणाला सढळ हाताने शेंदूर फासला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा जुना अंतर्गळ अडकला. गावातले डॉक्टर पोट चाचपून म्हणाले, "आतड्याला पीळ बसलाय. आज संध्याकाळच्या आत पुण्याला ऑपरेशन झालं पाहिजे. उद्या मग कुणाकडेच नेऊ नका." मामीने मामांचे डोके मांडीवर घेतले आणि आम्ही निघालो.

थोडे अंतर गाडी सुरेख चालली. मग एका चढावर मी ॲक्सिलरेटर दाबतो आहे आणि गाडी मात्र धाप लागल्यासारखी मागे रेंगाळते आहे, असे झाले. दोन-चार आचके देऊन ती थांबली. काटा अर्धी टाकी दाखवत होता. मी प्लग काढून पुसले. गाडी चालू झाली, आणि मला स्वतःबद्दल आदर वाटला. पुढे पुन्हा तेच. पुन्हा प्लग पुसले, पण या खेपेस उपयोग होईना. मामा कण्हत म्हणाले, "अरे, देवीला नारळ बोल." वाद घालण्याची ती वेळ नव्हती. मी बोललो, आणि गाडी चालू झाली. म्हणजे प्लगांनी जेवढे केले तेवढेच नारळानेही केले. शास्त्र आणि श्रद्धा यांची अशी बरोबरी मी आधी पाहिली नव्हती.

विंझरच्या अलीकडे ती तिसऱ्यांदा थांबली. प्लग झाले, कार्ब्युरेटर झाला, नारळ पाचावर गेले. मामांचे कपाळ गार पडत चालले होते आणि मामी त्यांचा घाम पुसता पुसता माझ्याकडे पाहत होती. मी बॉनेटला टेकून उभा राहिलो. मनात प्रार्थनासुद्धा राहिली नव्हती. आता तुझे तू बघ, एवढेच वाटले.

तेवढ्यात बांधावरून एक शेतकरी आला. वाटले, मदतीला आला. पण त्याच्या हातात काठीला बांधलेली चिंधी होती.

"सायेब, वाईच पेट्रोल द्या की. बैलाच्या मानंला जखमंत किडं पडल्यात, पेट्रोल लावलं की मरत्यात. लई तळमळतंय जनावर."

"अहो, आमचीच गाडी बंद पडलीय. आत माणूस जातोय माझा."

"मंग आता त्या पेट्रोलचा तुमाला तरी काय उपेग?"

मागून मामांचा आवाज आला, "दे रे त्याला. मुकं जनावर आहे."

मी टोपण फिरवले. सुस्स करून टाकीने हवा ओढली, बुडणाऱ्याने वर येऊन घ्यावा तसा तो श्वास होता. शेतकऱ्याने चिंधी भिजवली आणि तो बैलाकडे पळाला. मी उगाच एकदा स्टार्टर मारला. गाडी अशी गरजली, की मी टोपण मैलाच्या दगडावर विसरून निघालो. नसरापूर, कात्रजचा घाट, कुठे म्हणून ती अडखळली नाही. ऑपरेशन वेळेवर झाले.

टोपण आणायला मी पुढच्या आठवड्यात विंझरला गेलो. शेतकऱ्याने ते गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवले होते. "बैल हिंडाय लागला. तुमचं मानूस?" त्याने विचारले. मी म्हणालो, "तेही." टोपणाला हवेसाठी एक बारीक भोक असते. पेट्रोल जसे संपते तशी त्यातून हवा आत येते, नाहीतर पेट्रोल पुढे सरकत नाही. गाडी थोडा वेळ थांबली की हवा कुठून तरी झिरपत असावी, आणि श्रेय प्लग आणि नारळ घेत होते. त्या भोकात शेंदूर घट्ट बसला होता.

मी हे मामांना सांगितले. ते उशीला टेकून म्हणाले, "म्हणजे देवीनंच त्या माणसाला धाडलं."

"आणि शेंदूर?"

"तो माझा," मामा म्हणाले.

मी हसलो, पण त्यांचे खोडून काढले नाही. आजही काढत नाही. आम्ही मदत मागत होतो आणि आमच्याकडे धाडला गेला तो मागणारा. जे आपल्या कामाचे उरले नाही असे वाटले ते दुसऱ्याला द्यायला हात उघडला, तेव्हाच आमचा रस्ता उघडला. शरण जाणे म्हणजे हात जोडणे असे मी समजत होतो. हात उघडणेही त्यात येत असावे. त्या अनोळखी माणसाचा आणि त्याच्या बैलाचा मी ऋणी आहे. पाचही नारळ मी देवीला वाहिले.

मामांची पूजा पुढेही दर खंडेनवमीला तशीच होत राहिली, मुखाच्या मानासकट. प्रसाद वाटून झाला की मी दाभण घेऊन गाडीच्या मागे जात असे.