वर उचललेली वल्ही

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकतं, माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली.

दोहाला अल मुंतझा भागात आमच्या घराखाली एक म्हातारा अरब स्वतः बनवलेला खजुराचा पाक विकायचा. नाव कधी विचारलं नाही. बरणी भरली तरी पळीची शेवटची धार तुटेपर्यंत तो थांबायचा. म्हणायचा, "तुम्हारा हक है, बहन." रिकाम्या वेळी आपल्या वल्ह्यांना तेल चोळत बसायचा.

वर्षातून एकदा पाक बनवणाऱ्यांची समुद्रात होड्यांची शर्यत असे. मालकाने स्वतःच वल्हवायचं, असा रिवाज. त्या वर्षी म्हातारा सगळ्यांच्या पुढे होता, मागोमाग बाजारातला खजुराचा मोठा व्यापारी, तोही पाक बनवायचा. शेवटची दोरी दहा हातांवर आली आणि म्हाताऱ्याने वल्ही वर उचलली. लोक "यल्ला! यल्ला!", चल, चल, असं ओरडत होते. मागून खुद्द व्यापारी खेकसला, "अरे गाढवा, मार वल्हं!" हा हलला नाही. व्यापारी जिंकला, पण तोंड पाडूनच उतरला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं, "चाचा, ये क्या किया?"

पळी पुसत तो म्हणाला, "खजूर उसका लिया, पैसा बाकी है. उसके आगे कैसे जाऊँ?"

मी बरणी पुढे केली.

पुढच्या वर्षी तो असा सुटला की व्यापाऱ्याची होडी मागे ठिपक्याएवढी दिसू लागली. मी घाबरून ह्यांच्याकडे पाहिलं.

हे हसले. "सकाळीच त्याने शेवटचा रियाल फेडला."