दोऱ्याची गाठ आणि आंबोलीचा घाट

"थांबवा! ओ, थांबवा!" मी ओरडले, पण हे थांबवणार कसे? यांच्या हातातलं चाक गरगर फिरत होतं आणि जीप सरळच चालली होती. वळण डावीकडे, आम्ही सरळ. मांडीवर सहा महिन्यांची मंदा, समोर जीपचं तोंड आभाळाकडे, मागे ट्रेलरात आमच्या होडीचं इंजिन. मी डोळे मिटले, मंदाला पोटाशी आवळलं, रवळनाथाचं नाव अर्धं तोंडात, तोवर धाडकन आवाज झाला आणि जीप कारवीच्या झुडपात जाऊन बसली. मग मंदा रडली. रडली म्हणजे आहे, म्हणून मीपण रडले.

झुडपाच्या पलीकडे दोन हातांवर दरी.

"पुढची चाका जमनीक टेकाक नाय गो," हे म्हणाले. आंबोली अजून अर्धा कोस होती. घाट तर उतरायचाच होता.

आम्ही कोल्हापुराहून इंजिन विकत घेऊन मालवणला परत येत होतो. आमच्या वाडीत सगळ्या होड्या शिडावर आणि वल्ह्यावर. इंजिनाची होडी पहिली आमचीच होणार होती. त्यासाठी सासऱ्यांनी माड गहाण टाकले होते, सासूबाईंनी पाटल्या काढून दिल्या होत्या. मी गेले ती तिथल्या बहिणीला मंदा दाखवायला, आणि खरं सांगते, घाटावरचा मुलूख बघायला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "चेडवाक घेवन खंय भटाकतस गो?" (चेडू म्हणजे मुलगी.) मी तरी गेले. कोल्हापुरात रस्सा इतका तिखट की नाकातून पाणी आलं. तीन दिवस मासळीचा वाससुद्धा नाही, कशी राहतात माणसं देव जाणे!

इंजिन चढवताना हमालांनी ते ट्रेलरात मधोमध ठेवलं. मीच म्हटलं, पुढे सरकवा. माझे बाबा गाडीवान. गाडी उलाळ (मागे जड) झाली की बैलाचा गळा आवळतो, हे मी लहानपणापासून बघितलेलं. म्हणून भार पुढे. हे हसले, पण ऐकलं माझं. सपाटीवर काही कळलं नाही. आंबोलीच्या अलीकडच्या चढावर एक खड्डा लागला आणि जीपचं तोंड जे उठलं ते बसलंच नाही. म्हणजे चूक माझी होती.

लाकडाच्या ट्रकवाल्यांनी आम्हाला ओढून बाहेर काढलं. अगदी हळू हळू आंबोलीत आलो. धुकं असं, की समोरचं चहाचं दुकान वासावरून ओळखलं. दुकानामागे रावजीदादांची लोहारशाळा. पलटणीत गाड्या दुरुस्त करून आलेला माणूस, मिशा पांढऱ्या. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "वजन पुढं कोणी लोटलं?"

"मी," म्हटलं. "गाडी उलाळ नको म्हणून."

"वैनी, बैल वजन घेतो मानेवर. ही घेते शेपटीवर. शेपटी दबली की तोंड वर. तोंड वर, की चाक फिरवा नाहीतर भजन करा!"

"मग सगळा मागे लोटूया," हे म्हणाले.

"मग घाटात ट्रेलर सापासारखा वळवळेल. थोडं मागं घ्यायचं, आणि राहील ते वजन चारी चाकांत वाटायचं. पलटणीत केलंय मी."

इंजिन वीतभर मागं सरकवून त्यांनी ट्रकचे दोन जुने पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लांब पट्ट्या, भट्टीत घातले. मी मंदाला दुकानवालीच्या झोळीत निजवलं, भाकरी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी खाल्ली, आणि बघत बसले. दुपार झाली तेव्हा पाटे तयार. त्यांची पुढची टोकं जीपच्या हुकाखाली बसवली, मागची ट्रेलरच्या दांडीला साखळीनं वर टांगायची होती. साखळी जितकी ताणावी तितके पाटे वाकतात आणि मागचं वजन जीपच्या पुढच्या चाकांवर ढकलतात. मला हे सांगून नाही कळलं, बघून कळलं.

"आधी ट्रेलर सोडा," दादा म्हणाले. "एकट्या जीपचं तोंड किती उंच, ते मोजायचं." फूटपट्टी माझ्या हातात दिली. मी तिसरीत शाळा सोडली, इंच मला कळत नाहीत. ओशाळले. मग पिशवीतून जाळं विणायचं सूत काढलं, पुढच्या चाकावरच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत धरलं आणि गाठ मारली. जाळ्याची गाठ, सरकत नाही. दादांनी ओढून बघितली आणि फूटपट्टी खिशात घातली.

ट्रेलर लावला. तोंड गाठीच्या चार बोटं वर! दांडीखाली जॅक लावून मागची बाजू उचलली, साखळीची तिसरी कडी अडकवली, जॅक सोडला.

"झाला सरळ," हे म्हणाले.

मी सूत लावलं. "नाय. दोन बोटां आसत अजून."

"डोळ्यांक दिसता ना सरळ!"

"तुमच्या डोळ्यांक सकाळी दरीपण दिसाक नाय."

रावजीदादा मिशीत हसले आणि पुन्हा जॅक लावला. एक कडी आवळली. सूत लावलं, पत्रा बरोबर गाठीवर. यांना आणखी एक कडी हवी होती, घाटासाठी. दादा म्हणाले, "जास्त आवळलं तर मागची चाकं उचलतील, ब्रेकला घसरतील. वैनी सांगतील तिथं थांबायचं."

"पुरे," मी म्हटलं. त्या दोन पुरुषांनी हात काढले. माझं ऐकून!

तेवढ्यात सावंतवाडीची एसटी आली. यांनी मंदाचं गाठोडं उचललं. "तू एसटीन जा. चेडवाक घे. मी येतंय मागसून."

"माझ्या दोऱ्यार इश्वास नाय तुमचो?"

"दोऱ्यार आसा. घाटार नाय."

कंडक्टर ओरडला, "वैनी, चढताय का?" मंदा कडेवर, माझा एक पाय पायरीवर होता. बसची खिडकी दिसली, त्यातून मी बघणार, मागे हे एकटे, माझ्या गाठीवर जीव टाकून. मी पाय काढला आणि जीपमध्ये जाऊन बसले. एसटी गेली.

पहिल्या गियरात उतरलो. पहिल्या वळणाला मी मंदाच्या डोक्यावर तोंड दाबलं. यांनी चाक फिरवलं आणि जीप वळली. दुसऱ्याला वळली. चौथ्या-पाचव्या वळणानंतर हे म्हणाले, "बघ गो, दोन बोटांनी वळता." तेव्हा मी डोळे उघडले. खाली सगळं हिरवं रान, आणि लांब एक पांढरी रेघ. आमचा समुद्र.

मालवणात किनाऱ्यावर सगळी वाडी जमली होती. होडीला नारळ फोडला, इंजिन एका झटक्यात धडधडलं. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "माझ्या सुनेन हाडल्यान इंजिन!" (हाडल्यान म्हणजे आणलं.) मग यांनी एसटीची गोष्ट सांगितली, आणि त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

ते सूत मी देव्हाऱ्यात ठेवलंय. गाठ अजून तशीच आहे. अभिमान वाटतो, आणि मंदाला न्हाऊ घालताना कधी कधी ती दरी आठवते. बायांनो, पायरीवर तुमचा पाय असता, कडेवर लेक, आणि मागे नवरा तुमच्या दोऱ्याच्या भरवशावर, तर तुम्ही काय केलं असतं?