दातांत धरलेलं पेन

साल दोन हजार तेवीस. माझं वय त्रेसष्ट. कागदावर एकोणसाठ, कारण शाळेत घालताना मास्तरांनी माझी उंची बघून जन्मसाल टाकलं. त्या वर्षी ट्रेनिंगवाल्या मॅडमनी मला दातांत पेन धरायला लावलं.

मॅडम पुण्याहून आलेल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. कोल्हापुरातल्या ज्या खाजगी हॉस्पिटलात मी बावीस वर्षं वॉर्डबॉय होतो, तिथल्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आम्हा चाळीस जणांना बसवलेलं. मावश्या, वॉर्डबॉय, नर्सा, लिफ्टवाला. समोर पडदा, पडद्यावर हसणाऱ्या गोऱ्या माणसांचे फोटो. विषय सॉफ्ट स्किल.

"पेन आडवं धरा. दातांनी. ओठ मिटायचे नाहीत. हे झालं तुमचं स्माइल."

सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. माझे पुढचे दोन दात नाहीत. पेन घसरायला लागलं. लाळ हनुवटीवर आली. मॅडम माझ्यापाशी थांबल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, "काकांकडे बघा सगळे. हा चेहरा घेऊन आपण पेशंटसमोर जातो."

चाळीस माणसं हसली. पेन दातांत, त्यामुळं त्यांचं हसणं नुसतं फुरफुरल्यासारखं आलं. तिसऱ्या रांगेत माझी मुलगी होती. वैशाली. त्याच हॉस्पिटलात स्टाफ नर्स. ती हसली नाही. स्वतःच्या बुटांकडं बघत बसली.

पेन मी काढलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो. पाच मिनिटं धरून बसलो. लगाम घातलेल्या घोड्यासारखा.

मग मॅडमनी एकेक कागद वाटला. वर छापलेलं, 'माझ्या कामाचा उद्देश'. खाली ठिपक्यांच्या तीन ओळी. माझी शाळा तिसरीपर्यंत. लिहायला येतं, पण वेळ लागतो. आणि काय लिहायचं हे त्या दिवशी कळेना. कागद कोराच घडी करून खिशात टाकला.

मला पहिल्या रांगेत बसवायला कारण होतं. माझ्यावर तक्रार होती.

माझं काम उचलायचं. खाटेवरून गाडीवर, गाडीवरून टेबलावर, परत खाटेवर. दुखणाऱ्या माणसाला हात लावला की तो अंग ताठ करतो, श्वास कोंडून धरतो. ताठ अंग उचललं की दुप्पट दुखतं. हे मला कुणी शिकवलं नाही, हातांनी शिकवलं. त्यावर मी माझी रीत काढली होती. पेशंटला म्हणायचं, शिवी दे. मला दे, नाहीतर दुखण्याला दे. पण तोंड भरून. माणूस शिवी देतो तेव्हा श्वास सोडतो. त्या सुटलेल्या श्वासात मी उचलतो. त्याला कळायच्या आत तो गाडीवर असतो. मास्तर, वकील, एक कीर्तनकार, सगळ्यांनी माझ्या हातांवर शिव्या दिल्यात. डॉक्टर लोक हसायचे, पण अवघड पेशंट आला की मलाच हाक, "मामांना बोलवा."

नऊ नंबरच्या खोलीत नेसरीकडची एक म्हातारी आली. खुबा मोडलेला. मोठं बागायती घर, मुलाचं शहरात गाड्यांचं शोरूम. ऑपरेशननंतर ती कुणाला हात लावू देईना. मी गेलो.

"ए आजे, दे बघू एक शिवी."

"कुणाला रं?"

"खुब्याला दे की. त्यानंच दगा दिलाय."

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. मग दातओठ खाऊन म्हणाली, "मुडदा बशिवला तुझा, खुब्या." तेवढ्यात मी तिला कुशीवर घेतलं. तिला कळलंच नाही. मग अशी हसली, की शेजारच्या खोलीतनं लोक बघायला आले.

चार दिवस दुसऱ्या कुणाचं तिनं ऐकलं नाही. पाणी माझ्या हातचं. घरनं डबा आला की त्यातली भाकरी काढून ठेवायची. "खा रं मामा. सुनंनं लोण्यासंगं दिल्या." मी तिथंच स्टुलावर बसून खायचो.

त्याच आठवड्यात ट्रेनिंगची पहिली पायरी म्हणून नवे बिल्ले आले. छातीवर पूर्ण नाव. मॅडमचं म्हणणं, पेशंटला तुमचं नाव कळलं पाहिजे, नावानं विश्वास वाढतो. मामा, मावशी बंद.

बावीस वर्षं मी तिथं कुणाला आडनाव सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर, "मामा म्हणा की," म्हणून वेळ मारायचो. मला वाटायचं हा माझा मान आहे.

पाचव्या दिवशी म्हातारीचा मुलगा आला. मी तिला पाणी पाजत होतो, वैशाली सलाईन बघत होती. त्यानं माझा बिल्ला वाचला. परत वाचला.

"कुठलं गाव?"

"तुमच्याच बाजूचा. गडहिंग्लज तालुका."

"गावात घर कुठं?"

का विचारतोय ते मला कळलं. मी सांगितलं. वेशीबाहेर. खोटं कशाला बोलू.

त्यानं माझ्या हातातला पेला घेतला, बेसिनपाशी गेला, पाणी ओतून टाकलं आणि पेला कचऱ्याच्या बादलीत सोडला. स्टीलचा पेला. आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी टाइप केलेली तक्रार आली. 'सदर कर्मचारी रुग्णाशी एकेरी भाषेत बोलतो. वयोवृद्ध महिलेस शिवीगाळ करण्यास भाग पाडतो. वागणूक असभ्य.' पेल्याचं त्यात एक अक्षर नव्हतं. हॉस्पिटलच्या ऑफिसचे साहेब मला म्हणाले, "मामा, जमाना बदललाय. पेशंट आता कस्टमर हाय. जरा गोड बोलायला शिका."

आता परत हॉलमध्ये येतो. पेनचा तमाशा झाल्यावर साहेब त्या मुलाला घेऊन आले. सोफ्यावर बसवलं. पाण्याची बाटली फोडून दिली. मॅडम म्हणाल्या, आता आपण रोल प्ले करू, पण खराखुरा. माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. मी सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं: 'नमस्कार सर. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे. मी माझ्या वागण्यात सुधारणा करेन.'

"आणि काका, स्माइल विसरू नका," मॅडम म्हणाल्या.

मी उभा राहिलो. पेन अजून हातात, ओलं. मुलगा मोबाइलवर बघत होता. 'नमस्कार सर' एवढं वाचलं. पुढची अक्षरं दिसेनात. डोळे भरले होते म्हणून नव्हे. कानात तो पेला वाजला.

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"पावणं," मी म्हणालो, "तक्रार माझ्या बोलण्याची न्हाय. माझ्या आडनावाची हाय. तेवढं हितं सगळ्यांम्होरं मोठ्यानं बोला. मग मी माफी मागतो."



"आवाज खाली," साहेब म्हणाले.

"आवाज असाच हाय माझा. बावीस वर्सं हाच हाय."

मुलगा मॅडमकडं वळला. "बघितलंत? मी हेच म्हणत होतो."

मॅडमना खरंच काही कळलं नव्हतं. त्या गोंधळून आमच्याकडं बघत होत्या. त्यांच्या पुस्तकात हे नसणार.

मी म्हणालो, "आज्जीलाच इचारू की मग," आणि सरळ जिना चढून वर गेलो. पेन घाईत खिशात गेलं. मागनं वैशाली, "बाबा, थांबा," म्हणत आली. मी थांबलो नाही. मला खात्री होती. सगळं जग एकीकडं झालं तरी ती म्हातारी माझ्या बाजूनं बोलणार. चार दिवस माझ्या हातावर तिनं जीव टाकला होता.

म्हातारी जागी होती.

"आजे, म्या तुला कवा तरास दिला?"

"न्हाय रं बाबा," ती म्हणाली. "तुझा हात लई हलका."

मला हुंदकाच आला. म्हणालो, "मग चल, तेवढं सांग सायबास्नी."

ती चादरीचा काठ चिमटीत धरून ओढत राहिली. मग अगदी मायेनं, लेकराला समजवावं तसं म्हणाली, "पर आधी सांगायचं न्हवतं व्हय रं? माझ्या डब्यातलं दिलं मी तुला. तुझ्या हातचं पाणी पेले. आता घरला गेल्यावर देवाला काय सांगू मी?"

मुलानं पेला टाकला तेव्हा मी उभा होतो. हे ऐकून मी खाली बसलो. स्टुलावर नाही. फरशीवर.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, ह्याचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही. रागावली असती तर मी भांडलो असतो. तिला माझी दया येत होती, आणि स्वतःची पण.

साहेब वर आले. मला उठायला सांगितलं. म्हणाले, "हे बघा, कागद तयार करतो. उद्या नऊ वाजता त्यावर सही करा. चूक कबूल, सुधारणा करणार, विषय संपला. न्हाय केली तर तुमचं काय करायचं ते आम्ही बघू. आणि सिस्टरला कायम करायचं अजून बाकी हाय, एवढं ध्यानात ठेवा." सिस्टर म्हणजे माझी वैशाली. ती दारातच उभी होती.

घरी गेलो तेव्हा दिवस मावळला नव्हता. चहा झाला, कुणी प्याला नाही. वैशाली गणवेशातच बसली होती.

"बाबा, एक सही हाय. लोकं रोज करत्यात."

"पेला टाकला तवा तू खोलीत हुतीस."

"हुते."

"बघितलंस?"

"बघितलं. मी रोज कायबाय बघते. बोलून काय हुतं ते आज बघितलंत न्हवं?" मग म्हणाली, "तुमचं चुकलंच. बिल्ला सरळ लावायचाच न्हाय. मी उलटा लावते. कुणी बोललं की म्हणायचं, फिरला आपोआप."

मी तिच्या छातीकडं बघितलं. बिल्ला उलटाच होता. पांढरा. कोरा.

माझ्या बानं घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले, मी जन्मायच्या आधी, छप्पन्न सालानंतर. गावानं वर्षभर कामाला बोलावलं नाही तरी मागं घेतले नाहीत. त्याची नात नर्स झाली, इंग्रजी बोलती, आणि नाव झाकती. हे तिला कुणी शिकवलं? मी शिकवलं. 'मामा म्हणा की' म्हणत म्हणत मीच शिकवलं. माझ्या मानाची सगळी गोष्ट एवढीच होती. कुणी विचारू नये म्हणून मी गोड वागत होतो. ज्याला मॅडम सॉफ्ट स्किल म्हणतात ते मला त्यांच्या जन्माच्या आधीपासून येतंय. वाकायचं, हसायचं, विषय बदलायचा.

भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे. त्याच्याकडं बघवेना.

मला भीती वाटत होती, हे लपवत नाही. उचलायचं काम गेलं तर ह्या हातांना दुसरं काही येत नाही. पोरीचं नुकसान माझ्या डोक्यावर. मान वर करून सांगावं असं एक माणूस माझ्या बाजूनं उभं नव्हतं. म्हातारीसुद्धा. पोरगीसुद्धा.

वैशालीनं परत विचारलं, "करताय न्हवं सही?"

मी म्हणालो, "न्हाय."

ती आत गेली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी हॉस्पिटलच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो. खिशातला कागद काढला. 'माझ्या कामाचा उद्देश', खाली ठिपक्यांच्या तीन ओळी. पेनही मॅडमचंच, टोपणावर माझ्या दातांचे वण. त्या ओळींवर लिहायला लागलो. जागा पुरली नाही, कागद उलटा केला. तास गेला. लिहिलं असं:

'नऊ नंबरच्या पेशंटच्या मुलाने माझे आडनाव वाचून माझ्या हातचे पाणी ओतले. पेला कचऱ्यात टाकला. तक्रारीत ते लिहिले नाही. मी माफी मागणार नाही. मी बावीस वर्षे माणसे उचलली, कुणाला आडनाव विचारून उचलले नाही. चौकशी करा.'

खाली पूर्ण नाव. आडनाव मोठ्या अक्षरात. समोरच्या झेरॉक्सवाल्याचं शटर नुकतंच वर गेलं होतं. दोन प्रती काढल्या. एक पोच घ्यायला, एक पोलीस ठाण्यासाठी.

आत काउंटरवर रिसेप्शनची पोरगी होती. रोज मला डब्यातलं लोणचं देणारी.

"मामा, हे काय?"

"अर्ज. पोच दे."

"साहेब आल्यावर देते की."

"शिक्का तुझ्याकडं हाय."

"मामा, ऐका की माझं..."

"मामा न्हाय. खाली नाव हाय, वाच."

तिनं वाचलं. मनातल्या मनात. तिचा चेहरा जरासा बदलला, तो मी बघितला.

"मोठ्यानं वाच," मी म्हणालो.

बाकांवर नातेवाईक बसलेले. फरशी पुसणारी मावशी थांबली. पोरीनं माझं नाव आडनावासकट मोठ्यानं वाचलं. बावीस वर्षांत त्या इमारतीत पहिल्यांदा. मग तिनं झेरॉक्सवर शिक्का मारला.

आठच्या ड्युटीला वैशाली आली. माझ्यासमोरनं गेली. बिल्ला उलटाच. मी हाक मारली नाही. पोच घडी करून खिशात घातली, माझा बिल्ला सरळ केला, आणि नऊ वाजेपर्यंत काउंटरसमोर उभा राहिलो.