दर्याचं गेट

आता हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या, मंग मधी मधी खिदळू नका. सांगताना माझं डोस्कं फिरलं तर चहा तसाच ठिवून उठंल मी!

तळकोकणात दर्याच्या काठाला एक डोंगर हाय. त्यावर महादेवाचं देऊळ. माझ्या सासऱ्याचं पोटाचं आपरेशन झालं, तवा माझ्या बायकोनं, सुमननं, तिथला नवस केला. म्हातारा ठणठणीत झाला. नवस फेडायला जायाचं, तर म्हाताऱ्यानं खुशीत आपली जीप दिली. कोरी करकरीत! तवा नवीन नवीन गाड्या गावात येऊ लागल्या व्हत्या, अन् आमच्या पाटोद्याच्या बाजारात ती जीप हुबी राहिली की लोक भवती फिरून बघायचे.

"जावईबापू, एक ओरखडा पडला न्हाई पायजे. पडला तर उंबऱ्यात पाय ठिवू नका."

लेक देताना म्हातारा एक शबूद बोलला नव्हता बघा. जीप देताना अर्धा तास बोलला!

दोन दिस गाडी हाणत तिथं पोचलो. सकाळची येळ. बघतो तर डोंगराच्या पायथ्याला ही रुंद नदी, अन् पार कोरडी! नुसती वाळू. मला लई बरं वाटलं. म्हणलं, चला, आपल्यावानीच दुष्काळी मुलूख दिसतोय.

काठाला एक म्हातारबा जाळं शिवत बसलता. सुमननं त्याला वाट इचारली. तो सावकाश बोलू लागला.

"दोन वाटो आसत. काजूच्या बागेतली लांबची, पण सावली आसा. ही खाडीतली जवळची, पण उघड्या कातळावरची. बागेतसून जावा. पाणी घेवा. चामड्याच्यो वहाणो काढा, कातळार घसरतत. आणि गाडी थय खाली घालू नकात, पाणी येतला."

मी वर बघितलं. आभाळात बोटाएवढा ढग न्हाई. माघ महिना. माझं टाळकं सरकलं.

"आवो आज्जा, आमी बीडकडचे हाव! आमच्या नदीत बाजार भरतो, बैलं बांधत्यात, लग्नाचा मांडव घालत्यात. नदीत गाडी कशी लावायची ते आमाला शिकवू नका!"

"आवो, म्हातारं माणूस सांगतंय ते ऐका की," सुमन म्हणली.

"तू गप बस गं!"

अन् घातली जीप नदीत. तरी सासऱ्याचं भ्याव व्हतंच, तवा चाक रुतू नये म्हणून मधल्या खडकाच्या उंचवट्यावर चढवून हुबी केली. तेवढीच काय ती अक्कल.

आता डोंगराचं सांगतो, कुणाला जायाचं आसंल तर कामाला येईल. आपल्या बालाघाटाचा दगड काळा, त्यात पाय ठिवायला खाचा घावत्यात. ह्यो दगड तसा न्हाई. ग्रानाइट म्हणं, आता लोक सैपाकाच्या वट्याला लावत्यात ना, तोच. नुसता गुळगुळीत उतार, हत्तीच्या पाठीवानी. माझ्या नालाच्या चामडी वहाणा! दहा पावलं चढलो की पाच पावलं ढुंगणावर खाली. विजारीची पार चाळणी झाली. शेवटाला वहाणा हातात घेतल्या, तर दगड ह्यो तापलेला! तव्यावर फुटाणे उडत्यात तसा मी उडत व्हतो.

सुमन मातर काखेत पाण्याची बाटली घेऊन अनवाणी, कपारीच्या सावलीसावलीनं चढली. मी वर पोचलो तवा तिचा नारळ फोडून झालता.

"पाणी दे गं."

"म्हातारं माणूस काय म्हणलं व्हतं?" म्हणली, अन् आपुन पिऊन घोटभर पाणी ठिवलेली बाटली दिली.

पाणी पिता पिता खाली नजर गेली.

नदी भरलीती! ह्या काठापासून त्या काठापर्यंत पाणी, अन् मधी सासऱ्याची जीप, तळ्यातल्या म्हशीवानी!

"सुमे, धरण सोडलं! न सांगता धरण सोडलं गं ह्यांनी!"

त्या डोंगरावरून मी कसा खाली आलो, महादेवालाच ठावं. काजूच्या बागेतून पळालो एवढं आठवतंय. तसाच म्हातारबाच्या म्होरं जाऊन हुबा राह्यलो अन् लागलो बोंबलायला.

"कोण हाय हितला पाटबंधाऱ्याचा सायेब? बोलवा त्याला! दवंडी न देता पाणी सोडता? मी मंत्र्यापर्यंत जाईन! आधी ते गेट बंद करायला सांगा!"

म्हातारबानं जाळं खाली ठिवलं.

"खयचा गेट?"

"धरणाचं! दुसरं कशाचं?"

त्यानं हात उचलून नुसतं समुद्राकडं दावलं. "ता? ता रोज दोनदा येता न् दोनदा जाता. बंद करूक कोणाक जमलां नाय अजून."

भवतीच्या कोळणी टोपल्या खाली ठिवून हसू लागल्या. मागून सुमन आली, तीबी पदर तोंडाला लावून! अन् मी? तिसरीतून शाळा सोडलेला माणूस मी. भरती-ओहोटी बहुतेक चौथीत आसंल.

मंग काय, बसलो काठाला. पाणी चाकाच्या आसापर्यंत आलं. म्हणलं, संपलं, आता सासरवाडी बंद. आणखी चार बोटं चढलं. अन् तिथंच थांबलं बघा! उंचवट्यानं वाचवलं. दिस कलला तसं पाणी जसं आलं तसं गपगुमान निघून गेलं. किल्ली फिरवली, अन् पहिल्या दमात इंजन सुरू! मी त्या म्हातारबाचे पायच धरले. म्हातारबानं वर आपल्या हिरीचं गोडं पाणी दिलं. "खारां पाणी लोखंड खाता," म्हणला. बारा बादल्या पाण्यानं जीप धुतली.

घरी आलो. सासऱ्यानं जीपभवती तीन फेऱ्या मारल्या, वाकून वाकून बघितलं. माझा जीव टांगलेला.

"शाबास जावईबापू! एक ओरखडा न्हाई."

मी लंबा श्वास सोडला. सुटलो!

तेवढ्यात म्हाताऱ्यानं प्रसादाची पिशवी काढायला मागच्या शिटाखाली हात घातला, अन् "आगंऽऽ" करून वरडला. बोटाला खेकडा!

"नवसाला गेलते का मासे धरायला? शिटाखाली ह्यो आला कावून?"

मी सुमनकडं बघितलं. डोळ्यानं सांगितलं, गप. अन् तिनं पहिल्यापासून शेवटापर्यंत सगळं सांगितलं, भर अंगणात, शेजारीपाजारी गोळा करून!

म्हातारा बोट चोखत चोखत हसला. जीप वाचली, सासरवाडी वाचली. मी तेवढा वाचलो न्हाई. आजबी आमच्या नदीला धा दिसाचं पाणी आलं की अख्खं गाव माझ्या दाराशी येतं अन् म्हणतं, "तात्या, तेवढं गेट बंद करायला सांगता का?"